पाच वाजता येते

राग आला की सुनेत्रा जगदाळे मटार सोलायला बसतात. हिवाळ्यात लखनऊला मटाराचा तुटवडा नसतो आणि बाईंच्या रागाला तर बाराही महिने तोटा नाही. जानकीपुरममधल्या त्यांच्या घराच्या व्हरांड्यात दर बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला सतरंजी पडते, मधोमध शेंगांचा ढीग ओतला जातो आणि भोवती चार-पाच पोरंपोरी मांडी घालून बसतात. कुणी नववीतलं, कुणी कॉलेजातलं, एक तर एमबीए अर्ध्यात सोडून आलेला घोडा होता. सगळ्यांचं दुखणं एकच. हातातला फोन सुटत नाही आणि फोनमधला खेळ संपत नाही.

गल्लीत त्यांना ‘मटरवाली आंटी’ म्हणतात. उन्हाळ्यात कैऱ्या चिरायच्या असतात, पावसाळ्यात मक्याचे दाणे काढायचे असतात, पण नाव पडलं ते मटारावरून. एका अर्थी बरंच झालं, कारण जगदाळे हे आडनाव इथे कुणाच्या जिभेवर बसत नाही. हाताला काम असलं की तोंड उघडतं, हे बाईंचं साधं गणित. फोनवर वळवळायची सवय झालेले अंगठे शेंगेची शीर ओढायला लागले, की अर्ध्या तासात पोरगं काहीतरी बोलतंच. बाई ऐकतात. पोरांवर त्या सहसा रागावत नाहीत. सगळा राग राखून ठेवलेला असतो तो पोरांना घेऊन येणाऱ्या आईबापांसाठी.

“बहनजी, इसका मोबाइल छुड़ा दीजिए,” असं म्हणत कुणी दारात उभं राहिलं की बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाते. “मी काय दात काढते? लावला चिमटा, ओढला, झालं?” हे मराठीत पुटपुटून घ्यायचं आणि मग हिंदीत विचारायचं, “अच्छा, ये जो खेलता है, उसका एक मैच कितने मिनट का होता है?” आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. “टीम में कौन-कौन है?” तेही माहीत नसतं. ज्याच्याशी लढायला निघालेत त्याचं नावगाव ठाऊक नाही, आणि आले सैन्य जमवायला! याच माणसांनी दोन वर्षांचं लेकरू दोन घास जास्त खावं म्हणून त्याच्यापुढे फोन धरलेला असतो. तेव्हा कौतुक होतं. आता तेच लेकरू सोळा वर्षांचं झालं आणि फोन सोडेना, तर म्हणे बिघडलं.

मग बाई त्यांना बजावतात. चालू डावात फोन हिसकायचा नाही. पोराने दिवसाचे किती डाव ते स्वतः ठरवायचं आणि ठरवलेलं मोडलं तर स्वतः येऊन सांगायचं. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे, उठताना सांगून उठायचं. टीममधल्या पोरांना ‘मी जातोय, उद्या अमक्या वेळेला भेटू’ असं लिहायचं आणि मगच फोन ठेवायचा. आईबापांना हा शेवटचा नियम हास्यास्पद वाटतो. कुठली ती न पाहिलेली पोरं, त्यांचा कसला निरोप घ्यायचा? असं कुणी हसलं की बाईंचा आवाज एकदम खाली येतो. तो खाली आलेला आवाज चढलेल्या आवाजापेक्षा वाईट असतो.

हा नियम त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

हरिहर जगदाळे एअर फोर्समध्ये इंजिन फिटर होते. साताऱ्याकडचा माणूस, शब्दाला पक्का आणि शब्दांच्या बाबतीत कंजूष. जोधपूर, तेजपूर, बिदर, पुन्हा जोधपूर असं करत २००५ साली लखनऊजवळच्या बख्शी का तालाबला पोस्टिंग आलं. काळ्या लोखंडी ट्रंकांवरचं जुन्या स्टेशनचं नाव खोडून पांढऱ्या रंगाने नवं लिहायचं काम मुलाकडे, निरंजनकडे असे. त्याची ती सहावी शाळा. दर नव्या क्वार्टरमध्ये ट्रंका उघडता उघडता सुनेत्राबाई त्याला तेच सांगायच्या, “मित्र कर रे, पण फार जीव लावू नकोस. तीन वर्षांत निघायचंय.” शहाणपण म्हणून सांगायच्या. कॉलनीतल्या सगळ्याच बायका आपापल्या पोरांना हे सांगत. पोरगं रडू नये म्हणून त्याला आधीच कोरडं करून ठेवायचं, अशी ती रीत.

निरंजनने आईचं ऐकलं. लखनऊच्या कॉलनीत त्याने एकही मित्र केला नाही. त्याऐवजी त्याला निशातगंजमधला एक सायबर कॅफे सापडला. शाळा सुटली की घरची बस सोडायची आणि टेम्पोने तिकडे जायचं. तिथल्या खेळात त्याचे साथीदार होते, एक इंदूरचा, दोन कोचीचे, एक कुठला नेपाळचा. पोस्टिंग कुठेही येवो, ही पोरं त्याच्यापासून तुटणार नव्हती. एवढी साधी गोष्ट बाईंना समजायला पुढे दहा वर्षं लागली. त्या वेळी दिसलं ते इतकंच, की पोरगा अकरावीच्या सहामाहीत चार विषयांत नापास झालाय आणि जेवणाच्या ताटावर बसूनही त्याची बोटं मांडीवर टकटक करतायत.

हरिहररावांनी त्याला एकदा कॉलर धरून कॅफेतून ओढत आणलं, ऐन डावात, इतर पोरांसमोर. दुसऱ्यांदा पट्टा काढला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! मग कुणीतरी कराडजवळच्या एका वसतिगृहाचं नाव सुचवलं. एक निवृत्त सुभेदार वाया गेलेली पोरं शिस्तीने सरळ करतात म्हणे. तिकडून फोनवर एकच सूचना आली. मुलाला आधी सांगू नका, पळून जातात.

म्हणून २००६च्या डिसेंबरात बाईंनी मुलाला सांगितलं, की काकाआजोबांच्या नव्या घराची वास्तुशांत आहे. तो खूश झाला. नवा शर्ट घातला. त्याने आपल्या साथीदारांना चार दिवसांत परत येतो असं लिहिलं होतं, हे बाईंना नंतर कधीतरी कळलं. वसतिगृहाच्या फाटकापाशी रिक्षा थांबली तेव्हा त्याने विचारलं, इथे काय आहे? बाई म्हणाल्या, “बाबांच्या ओळखीचे आहेत. जरा आत बस. आम्ही आहेराचं सामान घेऊन येतो. पाच वाजता येते मी तुला न्यायला.”

पाच वाजता त्या कराडच्या एसटी स्टँडवर होत्या. घड्याळाखालच्याच बाकावर बसल्या होत्या, त्यामुळे पाच वाजलेले त्यांनी नीट पाहिले. हरिहरराव म्हणाले, “आता मागे वळलीस तर पोरगं गेलं समज.” सव्वापाचची पुण्याची गाडी होती. बाई गाडीत बसल्या.

आठ महिन्यांनी निरंजन परत आला तो सुधारून आला. पहाटे उठे, अंथरुणाची घडी घाली, विचारलं तर ‘जी’ म्हणे. बारावी झाला, बी.कॉम. झाला, गुडगावला एका गोदामाच्या कंपनीत लागला. खेळाला पुन्हा शिवला नाही. आवाज चढवला नाही, हट्ट केला नाही, त्या आठ महिन्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि मराठीत बोलला नाही. कळायचं सगळं, पण उत्तर हिंदीत. नातेवाईक म्हणाले, सोन्यासारखा मुलगा झाला. बाई मूग गिळून बसल्या. सुधारला खरा, पण घरी परत आला असं त्यांना कधी वाटलं नाही. निवृत्तीनंतर जानकीपुरमला घर घेतलं, २०१३ साली हरिहरराव वारले आणि बाईंच्या रागाला हक्काचं माणूस उरलं नाही. उरल्या त्या स्वतःच.

दर रविवारी दुपारची झोप झाली की पाच वाजता त्या निरंजनला फोन लावतात. तो उचलत नाही. सहाच्या सुमाराला त्याचा फोन उलटा येतो. “हाँ आई, सब ठीक?” तब्येत, हवा, गॅस सिलिंडर, चार मिनिटं. बाई समजून चालतात की पाचला तो कुठेतरी कामात असेल.

पुढे स्वस्त इंटरनेट आलं आणि घराघरात जे झालं ते झालं. २०१६च्या हिवाळ्यात एक दिवस समोरच्या घरातला बाप भर रस्त्यात पोराच्या हातातला फोन हिसकावून विटेने ठेचत होता, आणि पोरगा किंचाळत होता, “पापा, मैच तो पूरा कर लेने दो, वो लोग मर जाएँगे!” बाई हातातल्या मटाराच्या परातीसकट रस्ता ओलांडून गेल्या. त्या बापाला त्यांनी जे सुनावलं ते अजून गल्लीच्या लक्षात आहे. पोराला हाताला धरून व्हरांड्यात आणलं, समोर परात ठेवली आणि म्हणाल्या, “छील. और बता, कौन मर जाएगा?” तिथून हे सगळं सुरू झालं.

देविका आली ती २०१८च्या नोव्हेंबरात. तिचे वडील सतीश पिंपळापुरे, नागपूरचे, जानकीपुरमच्या विस्तारातल्या औषध-संशोधनाच्या कॅम्पसमध्ये शास्त्रज्ञ. आई कल्पना घरीच ट्यूशन घ्यायची. पोरगी अकरावीत. दिवसाचे नऊ-नऊ तास खेळायची, आठ-आठ दिवस डोक्यावरून पाणी घ्यायची नाही. एकदा कल्पनाने वायफाय बंद केलं तर देविकाने स्टीलचं ताट भिरकावलं आणि आईच्या कपाळाला तीन टाके पडले. बाईंनी ते टाके पाहिले आणि पोरीला लाडावून घेतलं नाही. “ताट फेकलंस ते चूक. त्याची माफी मागायची. खेळाचं आपण नंतर बघू,” असं पहिल्याच दिवशी सांगितलं. देविकाला मराठी कळे, बोले ती हिंदी. त्या शब्दाशब्दाला ‘हाँ’ म्हणणाऱ्या मुलीकडे पाहताना बाईंना दुसरंच कुणी आठवायचं.

तिसऱ्या आठवड्यात शेंगा सोलता सोलता ती बोलली. कोचिंगमध्ये दर सोमवारी भिंतीवर यादी लागते, नाव, फोटो, नंबर. शेवटचे दहा लाल शाईत. “आंटी, मैं दस हफ़्ते से लाल हूँ। उधर गेम में चार लोग मेरे बोलने का वेट करते हैं। मैं बोलूँ राइट, तो राइट जाते हैं।” बाईंच्या हातातल्या शेंगेचा चेंदामेंदा झाला. पोरांची अशी धिंड काढणारे त्यांचे सर, आणि ती यादी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवणारे आईबाप! चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय? त्या दिवशी बाईंनी दोन किलो मटार एकट्यांनी संपवले.

जानेवारीपर्यंत नऊ तासांचे पाच डाव झाले. मग चार. मधे एका दिवशी अकरा झाले, तेही तिने येऊन सांगितलं. आईची माफी मागितली. केस धुतले. उठताना टीमला लिहायला लागली, ‘कल शाम सात बजे.’ बाईंनी कौतुक केलं नाही, फक्त तिच्यापुढचा ढीग जरा मोठा केला.

आणि जानेवारीतल्या दुसऱ्या शुक्रवारी कल्पना लेकीला न्यायला आली. देविका व्हरांड्याच्या कोपऱ्यात दिवसाचा एक डाव खेळत होती. कल्पना खुर्ची ओढून बसली आणि मराठीत म्हणाली, “ताई, सोमवारपासून ती येणार नाही. तुम्ही खूप केलंत, पण ह्यांना धीर नाही. मार्चमध्ये परीक्षा आहे. सीतापूर रोडला ते चाळीस दिवसांचं केंद्र निघालंय ना, तिथे नाव घातलंय. तिला सांगितलंय नैनीतालला जाऊ म्हणून. केंद्रवाले म्हणाले, आधी सांगायचं नाही.”

बाईंना ऐकू आलं ते पुन्हा कराडच्या फोनमधून आल्यासारखं. त्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं. “हळू बोल. ऐकतेय ती.”

“छे हो ताई, तिला कुठे एवढं मराठी येतं! घरी आम्ही तिच्यासमोरच बोलतो सगळं.”

देविकाने मान वर केली नाही. पण तिचे दोन्ही अंगठे स्क्रीनवर थांबले होते. डाव चालू होता आणि ती खेळत नव्हती. बाईंनी ते पाहिलं, आणि त्यांचा आवाज खाली आला.

“कल्पना, परवा रविवारी तीन वाजता सतीशरावांना घेऊन इथे ये. देविकालाही आण. नाही आलात तर मी येईन. आणि मी आले तर तुमच्या फाटकात उभी राहून बोलेन. अख्खा कॅम्पस ऐकेल.”

ते आले. सतीशराव सभ्य माणूस, हात जोडून नमस्कार केला, खुर्चीच्या काठावर बसले. देविका सतरंजीवर बसली आणि न सांगता शेंगा सोलायला लागली. कल्पनाने डोळ्यांनी खुणावलं, की पोरीला आत पाठवा. बाई म्हणाल्या, “नाही. इथेच बसेल ती. तिचीच गोष्ट आहे.”

“ताई, आपण समजून घ्या,” सतीशराव इंग्रजी मिसळत, आवाज दाबून म्हणाले. “मी डेटा बघितलाय. अशा केसमध्ये प्रोटोकॉल असतो. सब्जेक्टला आधी कळलं तर रेझिस्टन्स वाढतो.”

“सब्जेक्ट?” बाई उठून उभ्या राहिल्या. मांडीवरचे दाणे फरशीभर उडाले. “पोरगी आहे की पिंजऱ्यातला उंदीर? तुमच्या प्रयोगशाळेत तरी उंदराला खोटं सांगता का हो? त्याला उचलता आणि टोचता. नैनीताल दाखवतो म्हणत नाही!”

“ताई, आम्ही तिच्या भल्यासाठीच...”

“भल्यासाठी! मीही भल्यासाठीच केलं. हेच केलं. एकूण एक हेच. मला विचारा ना, काय होतं ते. काखेत कळसा आणि गावाला वळसा.”

सतीशराव जरा वरमले, पण हटले नाहीत. “तुमचा मुलगा तर छान सेटल झाला असं कल्पना म्हणाली. गेमिंग कायमचं सुटलं. मग उपाय लागू पडलाच ना?”

माणूस खरं तेच म्हणत होता. गावभर हेच सांगितलं जात होतं, आणि गेली बारा वर्षं बाईंनी ते खोडून काढलं नव्हतं. कारण खोडायचं तर आधी मुलाला विचारावं लागलं असतं. आणि मुलाला विचारायची त्यांची छाती झाली नव्हती. जगाला फाडून खाणारी बाई एका प्रश्नाला घाबरत होती. त्या क्षणी त्यांना सतीशरावांचा आला नव्हता एवढा स्वतःचा राग आला.

त्यांनी फोन उचलला. साडेतीन वाजले होते. निरंजन उचलणार नाही असं धरून चालल्या होत्या, पण दुसऱ्याच रिंगला आवाज आला. “हाँ आई? क्या हुआ? इस टाइम?”

“निरंजन, तू स्पीकरवर आहेस. इथे एक आईबाप बसलेत. उद्या पोरीला खोटं सांगून एका केंद्रात सोडणार आहेत. सोळा वर्षांची आहे, तीही ऐकतेय. तुझं तिथे काय झालं ते त्यांना सांग. मी कधी विचारलं नाही. आज विचारतेय.”

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग तो बोलायला लागला, गोदामातल्या मालाचा हिशेब सांगावा तशा सपाट आवाजात.

“मारते नहीं थे, सर। खाना ठीक था। सूबेदार साहब भी बुरे आदमी नहीं थे। बस, आई बोलकर गई थीं कि पाँच बजे आती हूँ। तो मैं अपना बैग लेकर गेट के पास बैठ गया। अँधेरा हुआ तो चौकीदार अंदर ले गया। मुझे लगा एक्सीडेंट हो गया होगा। मैं रात भर यही सोचता रहा कि वो लोग मर गए। दूसरे दिन फिर बैठा, पाँच बजे। ग्यारह दिन बैठा। बारहवें दिन एक लड़के ने बताया कि पागल, यहाँ सबको ऐसे ही लाते हैं।” तो थांबला. “गेम तो मैंने उसी दिन छोड़ दिया था। फिर किसी चीज़ का मन ही नहीं हुआ। पाँच बजे फ़ोन आता है तो आज भी उठाया नहीं जाता। छह बजे तक ठीक हो जाता हूँ।”

“रखता हूँ, आई,” असं म्हणून त्याने फोन ठेवला.

बाई होत्या तिथेच खाली बसल्या. तो गुडगावला गेल्यापासूनचे सगळे रविवार त्यांच्यासमोर एकदम उभे राहिले. दर रविवारी, न चुकता, पाच वाजता त्याच फाटकाशी त्यांनी त्याला पुन्हा नेऊन बसवलं होतं.

मग देविकाने हातातली शेंग परातीत ठेवली. “बाबा,” ती म्हणाली, “जनवरी में नैनीताल में बर्फ़ गिरती है। मेरे बैग में आपने एक भी स्वेटर नहीं रखवाया।”

सतीशरावांनी चष्मा काढला. “तुला... तुला कळत होतं?”

“मैं जवाब हिंदी में देती हूँ, बाबा। सुनती तो बचपन से मराठी ही हूँ।” तिने परात बाजूला सरकवली. “हफ़्ते भर से देख रही थी कि आप दोनों में पहले कौन बताएगा। किसी ने नहीं बताया।”

कल्पनाने तोंडाला पदर लावला. सतीशराव उठले, व्हरांड्याच्या पायरीवर गेले, आणि पाठ फिरवून त्या केंद्राला फोन लावला. उद्या येत नाही, परवाही येत नाही, असं दोनदा सांगावं लागलं. पलीकडचा माणूस काहीतरी समजावत होता, त्यावर ते इतक्या जोरात “नहीं मतलब नहीं!” ओरडले, की समोरच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई वाकून बघायला लागली. परत येऊन ते देविकासमोर सतरंजीवर बसले. त्यांनी एक शेंग उचलली आणि उलट्या बाजूने सोलायला लागले.

“बाबा, ऐसे नहीं छिलती,” देविका म्हणाली. तिने त्यांना अजून माफ केलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने फक्त शेंग त्यांच्या हातातून काढून घेतली.

“रडायचं असेल तर घरी जाऊन रडा,” बाई कल्पनाला म्हणाल्या. “तिच्यासमोर रडा. आणि ती यादीवाली कोचिंग आधी बंद करा. बुधवारी चारला ये गं तू. आज किती?”

“चार। शायद पाँच हो जाएँ।”

“झाले तर येऊन सांग.”

ते गेले. बाईंनी फरशीवरचे दाणे वेचले. घड्याळात पाच वाजले. सवयीने हात फोनकडे गेला आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला, लहान पोराचा धरावा तसा. साडेपाच झाले. सहा झाले. निरंजनचा फोन येणार नव्हता, कारण तो नेहमी त्यांच्याच हुकलेल्या फोनला उत्तर द्यायचा. सव्वासहाला बाईंनी फोन लावला.

त्याने लगेच उचलला. “आज पाँच बजे नहीं आया फ़ोन।”

“नाही केला. यापुढे कधीच पाचला करणार नाही. निरंजन, मला खरंच...”

“का नाही आलीस?”

बाईंना आधी कळलंच नाही, की काय वेगळं झालंय. बारा वर्षांनी त्याने मराठीत विचारलं होतं. आणि आवाज चढवून विचारलं होतं.

“का नाही आलीस तू? पाच वाजता येते म्हणाली होतीस ना? एवढ्या लोकांवर ओरडतेस तिथे, तेव्हा बाबांवर का नाही ओरडलीस? मी तिथे बसलो होतो, आई! ग्यारह दिन! तू होतीस कुठे?”

तो ओरडत होता, रडत होता, मधेच हिंदीत जात होता आणि पुन्हा मराठीत येत होता. जिच्या रागाला सगळं जानकीपुरम वचकून होतं ती बाई फोन कानाला घट्ट धरून ऐकत राहिली. एकदाही मधे बोलली नाही. ‘तुझ्या भल्यासाठी’ हे शब्द ओठांवर आले होते, ते तिने गिळले. चार मिनिटं कधीच होऊन गेली होती.

तो दमला, थांबला, नाक ओढलं. “सांग ना.”

“स्टँडवर होते,” सुनेत्राबाई म्हणाल्या. “कराडच्या. घड्याळाखाली बसले होते. पाच वाजलेले पाहिले मी, आणि उठले नाही.”